शब्दांना किती मोकळीक आहे? यंत्राची स्मृती मोजून पाहू

'मीराने राजूला पत्र दिलं.' या वाक्यात चार शब्द आहेत आणि चार शब्द २४ प्रकारे मांडता येतात. 'राजूला मीराने पत्र दिलं', 'पत्र मीराने राजूला दिलं', 'दिलं मीराने पत्र राजूला'. यातल्या काही मांडण्या रोजच्या बोलण्यातल्या आहेत, काही कवितेत शोभतील, तर काही एखाद्या नेमक्या प्रश्नाच्या उत्तरातच ऐकू येतील. पण चोवीसपैकी एकीतही पत्र देणारं कोण आणि घेणारं कोण यात गोंधळ होत नाही. 'ने' आणि 'ला' शब्दाला चिकटलेले असतात आणि शब्द जाईल तिथे त्याच्याबरोबर जातात. इंग्रजीत हे काम शब्दाची जागा करते. क्रियापदाच्या आधी जो असेल तो देणारा, नंतर असेल तो घेणारा. तिथे जागा बदलली की माणसांच्या भूमिकाच बदलतात.

म्हणून मराठी, संस्कृत, रशियन, चेक, लॅटिन या भाषांना 'मोकळ्या शब्दक्रमाच्या भाषा' म्हणायची पद्धत पडली. हा शिक्का मला फार ढोबळ वाटतो. 'तू येतोस का?' आणि 'तू का येतोस?' यांत तेच तीन शब्द आहेत. पहिल्या वाक्यात येण्याबद्दल हो-नाही विचारलंय, दुसऱ्यात येण्याचं कारण. इथे 'का'ची जागा हलली आणि प्रश्नच बदलला. 'घराच्या मागे' हे शब्द उलटे केले तर लेखी मराठीत ते चुकीचंच धरलं जाईल. म्हणजे एकाच भाषेत काही शब्द मोकळे फिरतात, काही जखडलेले असतात, आणि काहींना फिरायची मुभा असली तरी त्याची किंमत अर्थात मोजावी लागते. मग विचारण्यासारखा प्रश्न असा: ही मोकळीक नेमकी किती, कुठे, आणि ती सांभाळायला काय लागतं? याचं उत्तर काटेकोरपणे द्यायचं एक साधन गणिताकडे आहे. त्याचं नाव ऑटोमॅटन.

ऑटोमॅटन हे कागदावरचं यंत्र आहे. त्याच्या काही ठरावीक अवस्था असतात. कागदावर त्या वर्तुळांनी काढतात आणि एका वर्तुळाकडून दुसऱ्याकडे बाण जातात. प्रत्येक बाणावर एक शब्द लिहिलेला असतो. यंत्र सुरुवातीच्या अवस्थेत उभं असतं, वाक्यातला एक शब्द वाचतं, त्या शब्दाच्या बाणावरून पुढच्या अवस्थेत जातं, मग दुसरा शब्द वाचतं. शब्द संपले तेव्हा यंत्र 'मान्य' असं चिन्ह असलेल्या अवस्थेत असेल तर वाक्य मान्य, नाहीतर अमान्य. वाटेत बाणच सापडला नाही, तरी अमान्य. अवस्थांची संख्या ठरलेली असते, म्हणून याला सान्त ऑटोमॅटन म्हणतात. मायकेल रॅबिन आणि डॅना स्कॉट यांनी १९५९ साली या यंत्रांचा जो सिद्धांत मांडला, तोच थोड्याफार फरकाने आजही वर्गात शिकवला जातो.

या यंत्राबद्दल एक गोष्ट मनात पक्की ठेवायला हवी. आतापर्यंत काय वाचलं याची वेगळी नोंद ते ठेवत नाही. ते सध्या कोणत्या अवस्थेत आहे, एवढीच त्याची स्मृती. त्यामुळे एखादं काम करायला किमान किती अवस्था लागतात हे मोजलं, की त्या कामाला किमान किती स्मृती लागते हे कळतं. शब्दक्रमाची मोकळीक मोजायची ती इथेच.

आधी मोकळीक अजिबात नाही असं धरू. 'मीराने राजूला पत्र दिलं' एवढा एकच क्रम चालतो. मग यंत्र म्हणजे सरळ रांग: सुरुवात, एक शब्द झाला, दोन झाले, तीन झाले, चार झाले. पाच अवस्थांत काम संपतं.

आता दुसरं टोक घेऊ. सगळे २४ क्रम चालतात. भाबडेपणाने यंत्र बांधायचं तर प्रत्येक क्रमाची वेगळी वाट काढावी लागेल. सुरुवातीला चार फाटे, प्रत्येकातून तीन, त्यातून दोन, मग एक. अवस्था मोजल्या तर १ अधिक ४ अधिक १२ अधिक २४ अधिक २४, म्हणजे ६५. पण यातल्या बऱ्याच अवस्था विनाकारण वेगळ्या ठेवल्या आहेत. 'मीराने राजूला' वाचलं काय आणि 'राजूला मीराने' वाचलं काय, पुढे यायचं ते तेच: 'पत्र' आणि 'दिलं', कोणत्याही क्रमाने. ज्या दोन वाचनांचं भविष्य हुबेहूब सारखं, त्यांना एकच अवस्था पुरते. जॉन मायहिल आणि अनिल नेरोड यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत याच निरीक्षणावर उभा आहे. भविष्य वेगळं असेल तर अवस्था वेगळी ठेवावीच लागते, आणि सारखं असेल तर एकत्र करता येते.

तेव्हा यंत्राला फक्त हजेरीपट ठेवायचा आहे. कोणते शब्द येऊन गेले, कोणते यायचे आहेत. कोण आधी आलं आणि कोण नंतर, हे विसरलं तरी चालतं. चार शब्दांचे हजेरीपट सोळा होतात, कारण प्रत्येक शब्द आला किंवा नाही आला, असे दोनच पर्याय. म्हणून १६ अवस्था. त्याहून कमी करता येत नाहीत. दोन वेगळ्या हजेरीपटांची राहिलेली यादी वेगळी असते, आणि त्यांना एक केलं तर यंत्र एखादा शब्द दोनदा घेईल किंवा एखादा न येताच वाक्य मान्य करेल.

शब्द वाढले की काय होतं ते पाहा. पाच मोकळ्या शब्दांचे क्रम १२० आणि अवस्था ३२. दहा शब्दांचे क्रम ३६,२८,८०० आणि अवस्था १,०२४. क्रमांच्या मानाने अवस्था फारच कमी, हे खरं. पण जखडलेल्या दहा शब्दांना ११ अवस्था पुरतात, त्याच्याशी ताडून पाहिलं तर १,०२४ हा आकडा प्रचंड आहे. मोकळा शब्द एक वाढला की स्मृती दुप्पट होते. यंत्राला अंदाज बांधायची मुभा दिली, म्हणजे एकाच वेळी अनेक वाटा चाचपून त्यातली एक जमली तरी वाक्य मान्य, असं ठरवलं तरी हा आकडा कमी होत नाही. ही अडचण यंत्र कसं बांधलं यामुळे आलेली नाही. ती मोकळिकीतच आहे.

थोडी मोकळीक, थोडं बंधन

खऱ्या भाषा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. समजा, एकच बंधन घातलं: 'दिलं' शेवटी यायलाच हवं, बाकी तीन शब्द कसेही फिरोत. तीन मोकळ्या शब्दांचे आठ हजेरीपट आणि शेवटची एक अवस्था, मिळून ९. क्रम उरले ६. दुसरं बंधन घेऊन पाहू: फक्त 'मीराने' हे 'राजूला'च्या आधी यावं, बाकी काही अट नाही. आता ज्या हजेरीपटात 'राजूला' आलंय पण 'मीराने' आलेलं नाही, असे चार पट बाद होतात. उरल्या १२ अवस्था, आणि क्रमही १२.

'अमुक हे तमुकाच्या आधी' अशी बंधनं किती आणि कुठे आहेत यावर अवस्था ठरतात. सगळे शब्द एका रांगेत बांधले तर शब्दांपेक्षा एकच अवस्था जास्त लागते. काहीच बांधलं नाही तर प्रत्येक शब्दागणिक दुप्पट. भाषा या दोन आकड्यांमध्ये जिथे बसते, ती तिची जागा. 'मोकळी' की 'जखडलेली' या दोन खणांपेक्षा हे माप मला कितीतरी प्रामाणिक वाटतं.

पण बंधन आणखी एका प्रकारचं असतं आणि ते वेगळंच वागतं. काही शब्दांना एकमेकांच्या शेजारीच राहावं लागतं. 'जुन्या घराच्या मागे' हा गट वाक्यात कुठेही जाईल, पण अख्खाच्या अख्खा जाईल. सोपं करून पाहू. दोन गट आहेत, प्रत्येकात दोन शब्द. गटातले शब्द ठरलेल्या क्रमाने आणि लागूनच यायला हवेत, गट मात्र आधी-नंतर कसेही. मान्य क्रम किती? फक्त दोन. आणि अवस्था? मोजून पाहिल्या तर ८. आता शेजारी राहायची अट काढून टाका, गटातला क्रम तेवढा ठेवा, म्हणजे दोन गटांचे शब्द एकमेकांत मिसळू देत. क्रम होतात ६ आणि अवस्था ९. मोकळीक तिप्पट झाली, स्मृती मात्र एका अवस्थेने वाढली. म्हणजे 'किती क्रम चालतात' आणि 'किती लक्षात ठेवावं लागतं' ही दोन मापं वेगवेगळी आहेत. शब्दांना एकत्र ठेवणं यंत्राला स्वस्त पडत नाही. गट अर्धा झाला आहे, हे लक्षात ठेवणंही स्मृतीच खातं.

यावरचा उपाय म्हणजे यंत्रात यंत्र बसवणं. गटाच्या आतलं छोटं यंत्र शब्दांचा क्रम पाहील, आणि बाहेरचं मोठं यंत्र अख्ख्या गटाला एकच शब्द मानून पुढे जाईल. व्याकरणात आपण ज्याला पदबंध म्हणतो तो यंत्राच्या नजरेने असा दिसतो: आतून ताठ, बाहेरून फिरता. मराठीची मोकळीक बरीचशी याच प्रकारची आहे. प्रत्यय शब्दाला सोडून जात नाही, शब्दयोगी अव्यय नामाला सोडून जात नाही, आणि 'न बोलता' मधला 'न' क्रियापदाच्या पुढ्यातून हलत नाही. फिरतात ते अख्खे गट.

भाषाशास्त्रात ही कल्पना व्याकरणाच्या रूपाने आली. गॅझडार, क्लाइन, पुलम आणि सॅग यांनी १९८५ साली सविस्तर मांडलेल्या व्याकरणात दोन प्रकारचे नियम वेगळे काढले होते. एक प्रकार सांगतो की कोणकोण मिळून गट होतो. दुसरा सांगतो की गटात कोण कोणाच्या आधी येतं. मोकळ्या भाषेत दुसऱ्या प्रकारचे नियम थोडे असतात, जखडलेल्या भाषेत बरेच. लिहायला हे फार सुटसुटीत आहे. तपासायला मात्र नाही. त्याच वर्षी एडवर्ड बार्टन यांनी दाखवलं की अशा व्याकरणाने वाक्य तपासण्याचं काम सर्वसाधारणपणे 'एनपी-पूर्ण' या अवघड वर्गात मोडतं, म्हणजे त्यासाठी भरवशाची झटपट रीत कोणालाच माहीत नाही. वर आपण जी दुप्पट-दुप्पट पाहिली, तीच इथे दुसऱ्या वेशात समोर येते.

क्रम न पाहणारं यंत्र

एक धाडसी पर्याय असा: यंत्राला शब्द डावीकडून उजवीकडे वाचायची सक्तीच करायची नाही. अलेक्झांडर मेदुना आणि पेत्र झेमेक यांनी २०१२ साली असं 'उड्या मारणारं ऑटोमॅटन' मांडलं. ते एक शब्द वाचतं, खोडतं, आणि मग वाक्यात कुठेही उडी मारून दुसरा शब्द उचलतं. आपल्या चार शब्दांच्या वाक्यासाठी अशा यंत्राला पाचच अवस्था लागतात. ते आधी 'मीराने' शोधेल, मग 'राजूला', मग 'पत्र', मग 'दिलं'. शब्द वाक्यात कुठेही असोत, ते सापडतीलच. सोळावरून पाचावर! स्मृतीचा सगळा भार उड्यांनी उचलला.

पण या मोबदल्यात काय गेलं ते लक्षात घ्यायला हवं. या यंत्राला क्रम दिसतच नाही. एखादं वाक्य त्याने मान्य केलं, की त्या शब्दांची प्रत्येक उलटापालट त्याला मान्य करावी लागते. 'तू येतोस का' आणि 'तू का येतोस' यांतला फरक त्याला कधीच कळणार नाही. पूर्ण मोकळीक असलेली भाषा कशी असेल, याचं हे यंत्र म्हणजे शुद्ध चित्र आहे, आणि तशी मानवी भाषा नसते.

तरी हे चित्र फार शिकवून जातं. 'मिक्स' नावाची एक कृत्रिम भाषा आहे. तिच्यात क, ख, ग ही तीनच अक्षरं. अट एकच: तिन्ही सारख्या संख्येने यावीत, क्रम कसाही. 'कखग' चालतं, 'गककखगख' चालतं, 'ककख' चालत नाही. मोकळ्या शब्दक्रमाचं टोक म्हणून भाषाशास्त्रज्ञ एमन बाख यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती चर्चेत आणली. उड्या मारणाऱ्या यंत्राला ती तीन अवस्थांत जमते: एक क घे, एक ख घे, एक ग घे, पुन्हा पहिल्यापासून. डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्या सान्त यंत्राला मात्र ती कितीही अवस्था दिल्या तरी जमत नाही. नोम चॉम्स्की यांनी १९५६ साली व्याकरणांची जी उतरंड मांडली, तिच्यातली पुढची पायरी म्हणजे संदर्भमुक्त व्याकरण, ज्यात एखाद्या गटाच्या जागी त्याचे घटक ठेवताना आजूबाजूला काय आहे ते पाहिलं जात नाही. मिक्स त्याच्याही आवाक्याबाहेर आहे.

इथे रोहित पारीख यांचा १९६६ साली प्रसिद्ध झालेला सिद्धांत आठवल्याशिवाय राहवत नाही. संदर्भमुक्त व्याकरणाने तयार होणारी कोणतीही भाषा घ्या आणि तिच्या वाक्यांतला क्रम पुसून टाका, म्हणजे प्रत्येक वाक्यात कोणतं अक्षर किती वेळा आलं एवढंच ठेवा. पारीख यांनी सिद्ध केलं की असं केल्यावर जे उरतं, ते साध्या सान्त यंत्राच्या भाषेतूनही मिळवता येतं. क्रम काढला की या दोन पायऱ्यांमधला फरक नाहीसा होतो. हे मला या विषयातलं सगळ्यात सुंदर विधान वाटतं, कारण क्रमात किती माहिती साठलेली असते, हे त्याने गणिताच्या भाषेत ठरवून दिलं.

खोडत खोडत वाक्य तपासणं

खऱ्या भाषेचं काम उड्या मारणाऱ्या यंत्राने भागत नाही, आणि सरळ वाचणाऱ्या यंत्राच्या अवस्था फुगत जातात. चेक भाषेवर काम करणाऱ्यांनी वेगळी वाट धरली. यान्चर, म्राझ, प्लाटेक आणि फोगेल यांनी १९९५ साली 'पुन्हा सुरू होणारं ऑटोमॅटन' मांडलं. त्याला वाक्याचा छोटासा भाग दाखवणारी एक खिडकी असते. यंत्र खिडकी सरकवत जातं, खोडण्याजोगा शब्द दिसला की खोडतं, आणि वाक्याच्या सुरुवातीला परत येऊन सगळं विसरून नव्याने वाचायला लागतं. असं करत वाक्य लहान होत जातं आणि शेवटी छोटासा गाभा उरतो. गाभा बरोबर असेल तर मूळ वाक्यही बरोबर.

हे मराठीत करून पाहू. 'काल संध्याकाळी मीराने धाकट्या भावाला लांबलचक पत्र लिहिलं.' यातलं 'लांबलचक' खोडलं तरी वाक्य चालतं. 'धाकट्या' खोडलं तरी चालतं. 'काल संध्याकाळी' काढलं तरी चालतं. पण 'लांबलचक' ठेवून आधी 'पत्र' खोडलं तर 'मीराने भावाला लांबलचक लिहिलं' असं काहीतरी उरतं आणि लिहिलं काय ते कळत नाही. म्हणून 'लांबलचक' आधी जायला हवं, 'पत्र' नंतर. कोणता शब्द कोणाच्या आधाराने उभा आहे, हे खोडण्याच्या क्रमातूनच समोर येतं. 'धाकट्या' आणि 'लांबलचक' यांतलं कोणतंही आधी खोडा, काही बिघडत नाही, म्हणजे ते दोघे एकमेकांवर अवलंबून नाहीत. व्याकरणाचं पुस्तक न उघडता वाक्याचा सांगाडा हाती येतो.

आता शब्दक्रमाकडे वळू. कधीकधी शब्द खोडला की मागे उरलेलं वाक्य अर्थाने पुरं असतं, पण एखादा शब्द चुकीच्या जागी आलेला असतो. चेकमध्ये हे सतत होतं, कारण तिथले 'से'सारखे काही छोटे शब्द वाक्यात दुसऱ्या जागी बसतात. पहिला घटक खोडला की हा छोटा शब्द एकदम पहिल्या जागी येतो आणि तिथे तो चालत नाही. जुन्या इंडो-युरोपीय भाषांतली अशा दुर्बळ शब्दांची ही सवय याकोब वाकरनागल यांनी १८९२ सालीच दाखवून दिली होती. मराठीतलं 'तर' थोडंसं असंच वागतं. 'मी तर गेलो होतो' यातलं 'मी' खोडा. मराठीत कर्ता गाळायला हरकत नसते, पण 'तर गेलो होतो' असं उरलं की 'तर'चा अर्थच पालटतो. ते मागच्या एखाद्या 'जर'चं उत्तर वाटायला लागतं. वाक्य सावरायचं तर 'तर' एक घर मागे सरकवायला हवं: 'गेलो तर होतो'. जोर आता जाण्यावर येतो, पण वाक्य पुन्हा स्वतःच्या पायावर उभं राहतं.

प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या कुबोन्य, लोपात्कोवा आणि प्लाटेक यांनी या सरकवण्यालाच माप बनवलं. वाक्य गाभ्यापर्यंत लहान करताना किती वेळा शब्द सरकवावे लागतात, ते मोजायचं. एकदाही सरकवावं लागलं नाही, तर त्या वाक्यात क्रमाची सक्ती आड आली नाही. जास्त वेळा लागलं, तर वरून मोकळ्या दिसणाऱ्या वाक्यात लपलेली बंधनं आहेत. अवस्था मोजण्यापेक्षा हे माप वेगळं आहे आणि मला अधिक कामाचं वाटतं, कारण ते अख्ख्या भाषेला एक आकडा चिकटवण्याऐवजी एकेका वाक्याकडे पाहतं आणि नेमका कोणता शब्द अडतोय ते दाखवतं.

मोकळीक कुठे थिजते, हेही पाहण्यासारखं आहे. 'दगड आरसा फोडतो' आणि 'आरसा दगड फोडतो'. दोन्ही शब्द पुल्लिंगी, दोघांनाही प्रत्यय नाही, क्रियापद दोघांशीही जुळतं. दुसरं वाक्य कानावर पडलं की क्षणभर आरसाच दगड फोडतोय असं वाटतं, मग आपण जगाच्या अनुभवावरून ते सुधारून घेतो. 'आरसा'ऐवजी 'काच' असती तर 'काच दगड फोडतो' यात 'फोडतो'ने दगडाकडे बोट दाखवलं असतं. रशियनमध्ये 'मात ल्यूबित दोच' म्हणजे आईचं मुलीवर प्रेम आहे. 'आई' आणि 'मुलगी' यांची प्रथमा आणि द्वितीया तिथे सारखीच दिसते, म्हणून एरवी मोकळ्या असलेल्या रशियनमध्येही पहिला शब्द कर्ता समजला जातो. यंत्र बांधताना याचा अर्थ असा की, प्रत्यय असलेला शब्द वाचला तर एक वाट आणि बिनप्रत्ययाचा वाचला तर दुसरी. पहिल्या वाटेवर हजेरी पुरते, दुसरीवर क्रमही लक्षात ठेवावा लागतो. मोकळीक भाषेची असते असं आपण म्हणतो, पण यंत्राच्या नकाशात ती एकेका शब्दाच्या शेपटीला लटकलेली दिसते.

सगळ्यात खोल पाणी दोन क्रियापदांच्या वाक्यांत आहे. 'मीराने राजूला पत्र लिहायला सांगितलं.' इथे 'मीराने' आणि 'राजूला' हे 'सांगितलं'चे, तर 'पत्र' हे 'लिहायला'चं. आता म्हणा: 'पत्र मीराने राजूला लिहायला सांगितलं.' अगदी सहज मराठी. पण 'पत्र'पासून 'लिहायला'पर्यंत एक रेघ ओढा आणि 'मीराने'पासून 'सांगितलं'पर्यंत दुसरी. रेघा एकमेकींना छेदतात. संदर्भमुक्त व्याकरणाचं यंत्र शब्द एकावर एक रचून ठेवतं आणि वरचाच आधी काढू शकतं. 'लिहायला' आलं तेव्हा त्याला तळाशी दबलेलं 'पत्र' हवं असतं आणि वर 'राजूला' बसलेलं असतं. एखाद्या वाक्यापुरतं काहीतरी जमवता येतं, पण असे दुवे कितीही वाढू शकतात असं धरलं की हे यंत्र हरतं. छेदणाऱ्या दुव्यांच्या आधारेच स्टुअर्ट शीबर यांनी १९८५ साली दाखवलं की स्विस जर्मन संदर्भमुक्त व्याकरणात मावत नाही.

या जागी अरविंद जोशी यांचं नाव घ्यायलाच हवं. पुण्यात जन्मलेले आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आयुष्यभर काम केलेले जोशी यांनी १९७५ साली लेव्ही आणि ताकाहाशी यांच्यासह ट्री ॲडजॉइनिंग ग्रामर मांडलं. त्यात शब्दांऐवजी वाक्याच्या छोट्या झाडांची जोडणी होते, आणि काही छेदणारे दुवे त्यात मावतात. मानवी भाषेला संदर्भमुक्त व्याकरणापेक्षा थोडीच जास्त ताकद पुरते, ही त्यांची धारणा होती. मिक्ससारखी बेबंद भाषा या 'थोड्या जास्त'मध्ये येऊ नये असं त्यांना वाटत होतं. मकोतो कानाझावा आणि सिल्व्हेन साल्व्हाती यांनी २०१२ साली सिद्ध केलं की मिक्स खरोखरच त्यांच्या व्याकरणात बसत नाही. पण त्याआधी साल्व्हातींनीच दाखवलं होतं की त्याच घराण्यातल्या, थोड्या अधिक ताकदीच्या व्याकरणात ती बसते. म्हणजे बेबंद मोकळीक आणि मानवी भाषा यांच्यातली सीमा वाटली होती तितकी दूर नाही. जोशींनी आपल्या व्याकरणाची मर्यादा लपवली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बेकर आणि रॅम्बो यांच्यासह १९९१ साली त्यांनीच दाखवलं की जर्मनमधली लांब पल्ल्याची सरमिसळ, म्हणजे एका क्रियापदाचे शब्द दुसऱ्या क्रियापदाच्या शब्दांत जाऊन मिसळणं, पूर्ण मोकळेपणाने मान्य केली, तर त्यांचं स्वतःचं व्याकरण तिला पुरं पडत नाही.

आतापर्यंतची सगळी यंत्रं फक्त हो किंवा नाही म्हणतात. मराठीच्या २४ मांडण्यांना ती सरसकट 'हो' म्हणतील, आणि बोलणाऱ्याला मात्र त्या चोवीस सारख्या वाटत नाहीत. 'पत्र राजूला मीराने दिलं' हे 'कोणी दिलं?' या प्रश्नाचं उत्तर आहे. 'पत्र मीराने राजूला दिलं' हे 'कोणाला दिलं?' याचं. मराठीत नवी माहिती क्रियापदाच्या लगेच आधी येऊन बसायला पाहते. हे यंत्रात आणायचं तर प्रत्येक बाणावर शब्दाबरोबर एक वजन लिहितात: सहज वाटेला कमी, अवघड वाटेला जास्त. वाक्याच्या अख्ख्या वाटेवरची वजनं मिळवली की ती मांडणी किती सहज आहे याचा अंदाज येतो. अशा यंत्रांना भारित ऑटोमॅटा म्हणतात आणि भाषेवर चालणाऱ्या संगणकीय कामांत ती बराच काळ वापरात आहेत.

फक्त वजनं एकदा ठरवून भागत नाही, कारण ती मागच्या वाक्यावर अवलंबून असतात. 'कोणी दिलं?' विचारल्यावर 'मीराने' क्रियापदाला चिकटलं तर वाट सोपी, 'काय दिलं?' विचारल्यावर तीच वाट महाग. त्यामुळे यंत्राच्या सुरुवातीच्या अवस्था अनेक ठेवाव्या लागतात, मागे विचारलेल्या प्रत्येक प्रकारच्या प्रश्नासाठी एक. आपल्या चार शब्दांच्या वाक्याचे सोळा हजेरीपट मग 'कोणी', 'कोणाला' आणि 'काय' या तीन प्रश्नांसाठी तीनदा लिहावे लागतात, म्हणजे ४८ अवस्था. 'दिलं' वाचून झाल्यावर प्रश्नाची आठवण ठेवायची गरज उरत नसेल, तर त्यातल्या काही पुन्हा एकत्र होतात. पण मराठीत 'दिलं मीराने पत्र राजूला' असं क्रियापद पुढे येतं, तेव्हा नवी माहिती कुठे जाऊन बसते, हे आधी बोलणाऱ्यांकडून नीट तपासून घ्यावं लागेल. त्याशिवाय त्या बाणांवर वजनं लिहिता येणार नाहीत.